शिस्टरबाईंचा जावई

"लघवी पिवळी का पांढरी?"

पवनीतल्या आमच्या गल्लीत नव्याने राहायला येणाऱ्या माणसाला धकाते शिस्टर पहिला प्रश्न हा विचारत. नाव, गाव, नोकरी हे सगळं नंतर. मी तिथल्या प्राथमिक शाळेत बदलून आले आणि त्यांच्या शेजारचं घर भाड्याने घेतलं, त्या दिवशी टेम्पोतून माझं सामान अजून उतरायचं होतं. एक बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या बाई फाटक उघडून सरळ माझ्याकडे आल्या. त्यांनी हा प्रश्न विचारला आणि मी उत्तर शोधत असतानाच माझा हात ओढून घेऊन मनगटाच्या वर एक चिमटा काढला. कातडी चटकन जागेवर बसली. तसा हात सोडून म्हणाल्या, "ठीक आहे. पानी पीत जा व मास्तरीन. तुमी लोकं दिवसभर बोलता गंज, अन् पीत काईच नाई."

भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत बत्तीस वर्षं सरकारी नर्स म्हणून काढल्यावर माणूस आपोआप असा होत असावा. लोक त्यांना 'शिस्टर' म्हणत, त्या स्वतःलाही 'शिस्टर' म्हणत, आणि धकातेकाका, म्हणजे त्यांचे सख्खे यजमान, तेही त्यांना 'शिस्टर'च म्हणत. काका विणकर. मागच्या खोलीत त्यांचा हातमाग होता. त्यावर बसून बसून त्यांचं बोलणं कमी झालं होतं, की शिस्टरशी लग्न करून झालं होतं, हे मला सात वर्षांत कळलं नाही.

शिस्टरांचा सगळा विश्वास एका गोष्टीवर होता. एक लिटर पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, म्हणजे ओआरएस. हे त्या अशा चालीत म्हणत की ऐकणाऱ्याला वाटावं पुढे आता टाळ वाजणार. जुलाब झालेलं पोर दिसलं की त्याला मांडीवर आडवं घ्यायचं आणि चमच्यामागे चमचा ते पाणी पाजायचं. पोर थुंकलं तर दुसरा चमचा. आईने मधे तोंड घातलं तर आईला एक चमचा. करडीपासून लाखनीपर्यंत किती पोरं त्यांच्या मांडीवर रडली असतील याला मोजदाद नाही. ती पोरं आता मिशा ठेवून ट्रॅक्टर चालवतात, पण शिस्टर समोरून आल्या की वेग कमी करतात.

एकदा आमच्या शाळेच्या कार्यक्रमाला कुणी मोठे साहेब आले होते. गल्लीतल्या ज्येष्ठ नागरिक म्हणून शिस्टरांच्या हातून त्यांना गुच्छ द्यायचा असं ठरलं. त्यांनी गुच्छ दिला आणि जाता जाता साहेबांच्या हातालाही चिमटा काढला. साहेब "आई गं" म्हणाले ते माइकमधून सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. "सुकले आहेत," असं शिस्टर मला खाली येऊन म्हणाल्या. "गाडीत एसी लावते अन् बसते. तहान समजत नाई."

अशी ही बाई स्वतःचं पोट मात्र लपवून बसली होती. आतड्याचं जुनं दुखणं, वर्षानुवर्षं रक्त पडायचं, आणि त्या सगळ्यांना "आव झाली" एवढंच सांगत. शेवटी निवृत्तीनंतर काही वर्षांनी अंगणात कोसळल्या. नागपूरला नेलं, मोठं आतडं पूर्ण काढावं लागलं. लहान आतड्याचं टोक पोटाच्या उजव्या बाजूला बाहेर काढून तिथे पिशवी लावली, ती आता कायमची.

त्या घरी आल्यावर मी भेटायला गेले. आजाऱ्याशी काय बोलायचं ते वाटेत ठरवून गेले होते. बोलायची वेळच आली नाही. शिस्टरांनी मला खाटेवर बसवलं, पदर बाजूला केला आणि पिशवी दाखवली.

"घाबरू नको व मास्तरीन. हा माया जावई होये."

मी खाटेवर जरा मागे सरकले.

"मले पोरगी नाई, पन जावई भेटला. येळेवर जेवाले मागते. जरा काही कमीजास्त झालं का रुसते. अन् चार लोकं बसले असले का मुद्दाम आवाज काढते." त्याच क्षणी पिशवीतून बारीकसा 'पुर्र' असा आवाज आला. शिस्टरांनी कपाळाला हात लावला. "पाह्य. नाव काढलं का हजर."

मी हसले आणि हसल्याबद्दल मलाच लाज वाटली. त्या मात्र खूश दिसत होत्या. दार ओलांडून आत आलेल्या प्रत्येकाची जावयाशी अशीच ओळख करून द्यायची हे त्यांनी नागपूरहून येतानाच ठरवलं होतं. "लोकं मांगं बोलतीलच. त्याच्यापेक्षा समोर पाहून घ्या म्हनाव."

पिशवीखालची चकती भोकाच्या मापाने कापावी लागते. ढिली झाली तर कातडी सोलवटते, घट्ट झाली तर आतडं दाबलं जातं. ते काम काकांकडे होतं. जन्मभर धागे मोजलेला माणूस. चष्मा नाकावर घेऊन छोट्या कात्रीने ते असं गोल कापत की नागपूरच्या दवाखान्यातल्या नर्सने दुसऱ्या रुग्णांना दाखवायला एक चकती ठेवून घेतली. काकांच्या कामाची तारीफ झाली ती पहिल्यांदाच मी ऐकली. त्या दिवशी त्यांनी दोनदा केस विंचरले.

खरी अडचण जेवणाची होती. दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी शिस्टरांना एक छापील कागद दिला होता आणि समोर बसवून समजावून सांगायला सुरुवात केली होती. शिस्टरांनी त्यांना मधेच थांबवलं. "बाई, मी तुह्या जन्माच्या आंधीपासून ओआरएस वाटून राहिली. मले कायले शिकवतेस?" त्या बिचाऱ्या तरुण मुलीने सांगणं आवरतं घेतलं. कागद शिस्टरांनी पर्समध्ये कोंबला आणि घरी आल्यावर तो कुठे गेला ते त्यांनी पाहिलं नाही.

चावून खायचं एवढं मात्र त्यांच्या लक्षात राहिलं होतं, आणि त्या एखादी गोष्ट लक्षात ठेवत म्हणजे कशी! एक घास बत्तीस वेळा. त्या तोंडाने चावत आणि डाव्या हाताच्या बोटांची पेरं मोजत. मधे कुणी बोललं तर बोट तसंच धरून ठेवत, डोळ्यांनी गप्प राहायला सांगत, आणि मोजणी चुकली तर त्या घासाचं पुन्हा एकपासून. घासात तोवर चावण्यासारखं काही उरलेलं नसे.

मग एका दुपारी मी त्यांच्याकडे गेले तर समोर ओआरएसचा पेला ठेवून त्या त्याच्याकडे बघत बसल्या होत्या. डॉक्टरांनी रोज लिटरभर प्यायला सांगितलं होतं, थोडंथोडं, दिवसभर. मी म्हटलं, "प्या ना मग."

त्यांनी एक घोट घेतला. चेहरा असा झाला की मला वाटलं जावयाने काहीतरी केलं.

"असं लागते हे?"

"म्हणजे? तुम्ही कधी..."

"बत्तीस वर्ष वाटलं व मी. पेली कोन होती?" पेला त्यांनी हातभर दूर सरकवला. "खारट ना गोड. कोमट रडल्यासारखं. अन् थे पोट्टे पीत होते गा बाप्पा!" मग हळूच म्हणाल्या, "थुकत होते थे बराबरच करत होते."

त्यांनी ओआरएस सोडून दिलं. पाणी मात्र भरपूर सुरू ठेवलं. पाणी पिणाऱ्याला काही होत नाही, हा त्यांचा सिद्धांत होता, आणि त्यांना समजावणार कोण?

मे महिन्यात त्यांच्या पुतण्याचं लग्न लाखनीला होतं. ऑपरेशनला तेव्हा तीनेक महिने झाले असतील. भाड्याच्या गाडीतून काका, शिस्टर आणि मी असे गेलो. मंडप अगदी हमरस्त्याला लागून, बाहेर ट्रकांची रांग आणि वरून ऊन असं की सनईवाल्याचा सूर अर्ध्यातच सुकायचा. तरुण मंडळी उभ्याने जेवत होती. वडीलधाऱ्यांसाठी मागे पंगत मांडली होती. शिस्टर पंगतीत बसल्या.

ती पंगत लाखनीत अजून सांगतात म्हणे. भात झाला, पुऱ्या झाल्या, वांग्याची भाजी झाली. शिस्टर प्रत्येक वांग्याची साल सोलून आणि बिया काढून पत्रावळीच्या कडेला रचत होत्या. मठ्ठाही झाला. सगळी पंगत जेवून हात वर धरून बसली आणि शिस्टर चौथ्या घासावर. पंगत एकदम उठते, मधे कुणी उठायचं नाही. त्यामुळे बावीस म्हातारे खरकटे हात घेऊन शिस्टरांच्या जबड्याकडे बघत होते. पुढच्या पंगतीची माणसं मागे उभी. नवऱ्या मुलाचा बाप हात जोडून समोर येऊन म्हणाला, "वयनी, सावकाश होऊ द्या," पण त्याचा आवाज सावकाशीचा नव्हता. शेजारच्या एका आजोबांनी मोठ्याने मोजायला सुरुवात केली. "एकवीस... बावीस..." हळूहळू सगळी पंगत मोजू लागली. बत्तीस झाले की शिस्टर गिळत आणि पंगत टाळ्या वाजवायची. शिस्टरांनी अख्खं जेवण त्या थाटात पूर्ण केलं.

आम्ही हसून हसून बेजार झालो होतो. त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही की त्या जेवताना आणि जेवल्यावर सारखं पाणी पीत होत्या. ग्लासामागे ग्लास. वर लग्नातलं गोड लाल सरबत. आणि दर पाऊण तासाने उठून पिशवी रिकामी करायला जात होत्या. "पानी पिऊन राहिली ना मी," असं त्यांनी मला दोनदा सांगितलं, मी विचारलं नसताना.

चार वाजता निघालो. लाखनी सुटलं आणि शिस्टर बोलायच्या थांबल्या.

आधी वाटलं, झोप लागली. मग पाहिलं तर डोळे उघडे होते. पोटऱ्या हातांनी दाबत होत्या. मी विचारलं, "गोळे येताहेत का?" त्यांनी नुसती मान हलवली. ओठ पांढरे, जीभ आत चिकटलेली. मी त्यांचा हात घेतला आणि त्यांनी शिकवला तसा चिमटा काढला. कातडी उभीच राहिली. सोडली तरी तंबूसारखी तशीच.

"काका," मी म्हटलं, "पवनीला नको. भंडाऱ्यालाच दवाखान्यात चला."

काकांनी एकदा त्या हाताकडे पाहिलं आणि ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. "जोरात चाल," एवढंच म्हणाले.

सलाइन लागलं. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर गंभीर झाले. मूत्रपिंडावर ताण आला होता, अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शिस्टरांना बोलता येऊ लागलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "मावशी, काल पाणी किती प्यायलात?"

"बारा-पंधरा गिलास. कमी नाई पेली मी," शिस्टर विजयाने म्हणाल्या.

"म्हणूनच."

शिस्टरांनी चष्मा मागितला, जणू ऐकू नीट आलं नव्हतं. डॉक्टर खाटेवर टेकले. पाणी आणि मीठ परत शोषून घ्यायचं काम मोठं आतडं करतं, ते आता नाही. नुसतं पाणी ढसाढसा प्यायलं की ते थांबतच नाही, उलट अंगातलं मीठ बरोबर घेऊन पिशवीत उतरतं. गोड सरबतानेही तेच होतं. जितकं प्याल तितके सुकाल. म्हणून मिठाचं पाणी, थोडंथोडं, आणि जेवताना नाही, जेवणाच्या मधल्या वेळात.

आयुष्यभर ज्या गोष्टीवर त्या उभ्या होत्या तीच पायाखालून सरकली, असा त्यांचा चेहरा झाला. मला वाटलं आता रडतील. त्या म्हणाल्या, "थो कागद कुठी आहे? त्या पोरीनं देल्ला होता थो."

काकांनी सदऱ्याच्या खिशातून कागद काढला. घड्यांवर झिजलेला, कडा मऊ झालेल्या. किती तरी वेळा उघडून वाचलेला दिसत होता.

"तुमच्यापाशी होता?"

"हाव."

"वाचला?"

"हाव. सगळा लिवून आहे त्याच्यात. पान्याचं बी."

"मंग मले सांगतलं काहून नाई जी?"

काकांनी कागद शिस्टरांच्या हातात दिला. "तुले कोन सांगन, शिस्टर?"

सलाइनची नळी लावलेला हात शिस्टरांनी काकांच्या गुडघ्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसले. मग चष्मा लावून कागद वाचायला घेतला, आणि तिसऱ्या ओळीवर मला म्हणाल्या, "मास्तरीन, पेन्सिल आन. सुद्धलेखन चुकलं आहे."

पाच दिवसांनी घरी आल्या त्या विद्यार्थिनी होऊनच. लिंबाचे चार थेंब टाकून माठातल्या पाण्यात ओआरएस गार केलं तर पिववतं, असा शोध त्यांनी लावला. सकाळी मीठ घातलेली भाताची पेज. दुपारी मऊ भात, साल काढलेल्या बटाट्याची भाजी, थोडं ताक. चार वाजता मुरमुरे किंवा केळं. पिशवी फार पातळ भरायला लागली तर साबुदाणा. नवा पदार्थ एका वेळी एकच, तोही चमचाभर, आणि मग दोन दिवस जावयाचा चेहरा पाहायचा. शेंगदाणे, मका, खोबरं बंद. गल्लीला हे सगळं पाठ झालं, कारण शिस्टर ते अंगणात उभ्या राहून जाहीर करत. आता दूधवाली फाटकातूनच विचारायची, "शिस्टर, पिवळी का पांढरी?" आणि कोपऱ्यावरचा किराणावाला गणेश, जो कधीकाळी त्यांच्या मांडीवर रडला होता, तो दुकानातून ओरडायचा, "पेल्या का नाई? का मी येऊन मांडीवर घेऊ?"

पण श्रावणात सात्या आल्या. पावसात जंगलात उगवणारी ही रानअळंबी आमच्याकडे वर्षातून थोडेच दिवस मिळते, आणि शिस्टरांचा जीव तिच्यावर. कागदावर अळंबीपुढे फुली होती, कारण ती चावली तरी चिवट राहते आणि आतडं तुंबवते. टोपलीवाली दारात बसली. शिस्टर फाटकाच्या आत उभ्या, बाई बाहेर. काका मागे उभे.

"घ्या," त्या शेवटी काकांना म्हणाल्या. "तुमच्यासाठी."

भाजी शिस्टरांनीच रांधली. वास आला म्हणून मीही वाटी घेऊन गेले. काका जेवायला बसले, शिस्टर समोर गाल हातावर टेकून.

"कसं लागून राहिलं?"

"बरं."

"बरं म्हंजे? मीठ कसं आहे? मंदी मऊ आहे का कडक? दाताले कसं लागते? सांगा ना जी नीट!"

काकांनी पुन्हा घास घेतला, डोळे मिटले, विचार केला. आम्ही दोघी वाट बघत होतो.

"सात्यावानी लागते," ते म्हणाले.

शिस्टरांनी कपाळ बडवून घेतलं. "अडतीस वर्ष संसार केला या मानसाशी!" मग गाळणीतून गाळलेला चार चमचे रस्सा आपल्या भातावर घेतला आणि तो भातसुद्धा बत्तीस वेळा चावला. त्यात चावण्यासारखं काही नव्हतं. पण त्या दिवशी त्यांना तो भात संपवायची घाई नव्हती.

त्या हिवाळ्यात माझी तुमसरला बदली झाली. निघायच्या आदल्या आठवड्यात शिस्टर म्हणाल्या, "रयवारी मायासंगं करडीले चाल. एक मानूस पाह्याचा आहे."

सदाशिव भुरे, पन्नाशीचा धानाचा शेतकरी. त्यालाही नुकतीच अशीच पिशवी बसली होती. शिस्टर करडीला असताना त्याच्या पोरांना त्यांनीच लस टोचली होती, म्हणून त्याच्या बायकोने निरोप पाठवला होता. तो घराबाहेर पडत नव्हता. आणि पिशवी भरू नये म्हणून त्याने जवळजवळ खाणंच सोडलं होतं. आम्ही गेलो तेव्हा अंधाऱ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता. गालाची हाडं वर आलेली.

मला वाटलं शिस्टर आता ओरडणार. त्यांनी कापडी पिशवीतून आणलेला डबा उघडला, मऊ भात दोन ताटल्यांत वाढला, एक त्याच्यासमोर ठेवली आणि एक स्वतःच्या मांडीवर घेऊन खाटेच्या कडेला बसल्या. पदर जरा बाजूला केला. त्याने वळून तिकडे पाहिलं आणि उठून बसला.

"तुमाले बी हाये जी?"

"हाव गा. अन् तुह्यापेक्षा जास्त बोलते." त्यांनी एक घास घेतला. "मी बी पिशवी भरते म्हनून भेत होती. पन रिकामी पिशवी घेऊन जगता येत नाई, सदाशिव. मी पान्यानं मरत होती, तू उपासानं मरशीन. खा."

त्याने घास घेतला. शिस्टर बोटं मोजत होत्या, तोही मोजू लागला. दाराशी त्याची बायको उभी होती. ती तोंडाला पदर लावून आत निघून गेली. तासाभराने पिशवी भरायला लागली तसा तो घाबरला. शिस्टर त्याला मागच्या न्हाणीत घेऊन गेल्या. आतून बराच वेळ त्यांचा आवाज येत होता, आणि मग एकदा त्याचं हसू.

माझ्या पवनीच्या बसची वेळ झाली. शिस्टर फाट्यापर्यंत मला सोडायला आल्या. "तू जाय," म्हणाल्या. "मी आज इथीच राहून राहिली. रातचं जेवन झाल्याबिगर याचा भरोसा नाई. काकाले सांगजो, चकती सकाळी कापून ठेवा म्हना."

बस सुटली तेव्हा मी खिडकीतून मागे वळून पाहिलं. शिस्टर परत निघाल्या होत्या. चपलेत खडा गेला असावा, म्हणून विजेच्या खांबाला हात टेकून, एका पायावर उभ्या राहून चप्पल झटकत होत्या. आणि महिनाभर उंबरा न ओलांडलेला सदाशिव भुरे, डोक्याला टॉवेल गुंडाळून, एका हाताने पोट सांभाळत त्यांना न्यायला रस्त्यापर्यंत आला होता. "उन्हात कायले आला बे?" असं शिस्टर ओरडल्या तेवढं मला ऐकू आलं. तो हसला, त्यांच्या हातातली कापडी पिशवी त्याने घेतली, आणि धानाच्या बांधाबांधाने दोघं सावकाश घराकडे निघाली.